कड्याच्या पुढची चार पावले

कडा मागे राहिला आहे, हे वाइल ई. कोयोटीला अजून कळलेले नसते. रोडरनरच्या पाठलागात सुसाट आलेले त्याचे काटकुळे पाय मोकळ्या हवेतही तितक्याच विश्वासाने पडत राहतात, आणि चार पावले गेल्यावर त्याला कसलीशी शंका येते. तो थबकतो. पायाने खाली चाचपून पाहतो. पायाला काही लागत नाही. मग तो सावकाश मान वळवतो आणि सरळ आपल्याकडे पाहतो. ताठ कान मिटत मिटत खाली येतात, भुवया मधोमध वर चढतात, डोळ्यांत उशिरा आलेले शहाणपण उमटते, आणि एवढे सगळे यथासांग पार पडल्यावरच तो पडतो. अमेरिकन कार्टूनपटांच्या सुवर्णकाळातले हे दृश्य आपण लहानपणापासून इतक्या वेळा पाहिले आहे की त्यातले पडणे तेवढे लक्षात राहते. पडण्याआधीचा तो ठहराव मात्र नजरेतून हलकेच निसटून जातो. रसिकाने मुक्काम करावा तो तिथे.

कारण त्या तेवढ्या थांबण्यात या सृष्टीचा सगळा कायदा लिहिलेला आहे. इथे गुरुत्वाकर्षण आहे, पण ते विलक्षण अदबशीर आहे. पडणाऱ्याला आपण पडणार असल्याची जाणीव होईपर्यंत ते दाराबाहेर उभे राहते. रोडरनर कधी खाली पाहत नाही, म्हणून त्याला हवाही सडकेसारखी वापरता येते. कोयोटी विचार करतो, आराखडे काढतो, ॲक्मे नावाच्या कंपनीकडून रॉकेट आणि स्प्रिंगा मागवतो, आणि हा विचारी स्वभावच त्याला कड्यापलीकडे खाली पाहायला भाग पाडतो. वॉर्नर ब्रदर्सच्या 'फास्ट अँड फरी-अस' या सात मिनिटांच्या पटातून १७ सप्टेंबर १९४९ रोजी ही जोडी पहिल्यांदा पडद्यावर आली. दिग्दर्शक चक जोन्स आणि लेखक मायकेल माल्टीज यांना त्यात, तेव्हा उदंड झालेल्या पाठलागाच्या कार्टूनपटांचे विडंबन करायचे होते. प्रेक्षकांनी मात्र तो पाठलागच मनापासून उचलून धरला. जोन्स यांनी लहानपणी मार्क ट्वेनच्या 'रफिंग इट' या प्रवासवर्णनात एका सदा भुकेल्या, मरतुकड्या कोयोटीचे वर्णन वाचले होते, ते त्यांच्या मनात घर करून राहिले आणि पुढे या हाडकुळ्या, चिवट, उमद्या प्राण्याच्या रूपाने कागदावर उतरले.

आता ते पडणे पाहू. कॅमेरा कड्यावरून सरळ दरीत पाहतो आहे. कोयोटी आपल्यापासून दूर जात लहान होत जातो, ठिपका होतो, दिसेनासा होतो. मग काहीच घडत नाही. आणि मग दरीच्या तळाशी धुळीचा एक चिमुकला लोट उठतो. या दृश्याचे गणित जोन्स यांनी मुलाखतीत सांगून ठेवले आहे. सेकंदाला २४ चौकटी धावणाऱ्या फितीवर कोयोटीला नाहीसे व्हायला १८ चौकटी लागतात, आणि त्यानंतर आपटायला १४. तेराने हसू येत नाही, पंधराने येत नाही, चौदाने येते. एका चौकटीचे आयुष्य सेकंदाचा चोविसावा भाग, म्हणजे पापणीच्या एका उघडझापेहूनही कमी. एवढ्याशा फरकावर हसणे आणि न हसणे अवलंबून असल्याचे ज्याने ओळखले, त्याच्या मनात केवढे सूक्ष्म तोलकाटे असतील! ज्याला आपण पोरांचा गोंगाट म्हणून दुसऱ्या खोलीतून ऐकतो, तो इतका मोजून-मापून, इतक्या निगुतीने रचलेला असतो.

कोल्हापुरात वाढलेल्या कानाला हा हिशेब परका वाटू नये. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेब या गावात राहिले, त्यांचे पुत्र भूर्जीखाँ यांनी इथे शिष्य घडवले, आणि देवल क्लबाच्या बैठकींत पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांनी लयीच्या अंगाने चालणारी, तिच्याशी सतत गुंतून राहणारी आणि कुठलाही धसमुसळेपणा न करता अलगद समेवर येणारी जयपूर-अत्रौलीची गायकी मुरवून घेतली. समेचा आनंद कशाचा असतो? ती येणार हे आपल्याला आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून ठाऊक असते, आपण मनातल्या मनात मात्रा मोजत असतो, तान कितीही दूर गेली तरी ती परतणार याची खात्री असते. तरीही गवई नेमका उतरला की मान आपसूक हलते आणि तोंडातून दाद जाते. विनोद अनपेक्षिताच्या धक्क्यातून जन्मतो, असे आपण नेहमी ऐकतो. कोयोटीचे पडणे हा सिद्धान्त नम्रपणे बाजूला ठेवते. तो पडणार हे आपल्याला कळलेले आहे, त्यालाही कळलेले आहे, धूळ उडणार हेही कळलेले आहे. हसू फुटते ते ठरलेली गोष्ट ठरल्या मात्रेवर आली म्हणून, आणि त्याआधीच्या त्या रिकाम्या चौकटींनी आपला श्वास तिथपर्यंत धरून ठेवला म्हणून. म्हणूनच हे पट शंभरदा पाहिले तरी शिळे होत नाहीत. पाठ असलेली चीज पुन्हा ऐकताना ती शिळी होत नाही, तसेच.

चित्र आणि लय यांच्या या नात्याची सर्वांत श्रीमंत मांडणी पाहायची असेल तर 'द कॅट कॉन्सर्टो'कडे वळावे. एमजीएमच्या स्टुडिओत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी केलेला आणि १९४७ मध्ये प्रदर्शित झालेला हा टॉम आणि जेरीचा पट. टेलकोट घातलेला टॉम गंभीर पावलांनी रंगमंचावर येतो, वाकून अभिवादन करतो, बैठक ठाकठीक करतो, आणि लिस्टच्या दुसऱ्या हंगेरियन रॅप्सडीला हात घालतो. पियानोच्या पोटात, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या रांगेवर, जेरी गाढ झोपलेला आहे. सूर निघाला की हातोडी उचलली जाणार, आणि हातोडी उचलली की झोपलेला जेरी उडणार. म्हणजे संगीत आणि झोपमोड या दोन गोष्टी एकाच यंत्राने बांधलेल्या! एवढी एक कल्पना सुचली की पुढचा सगळा पट तिच्यातून उलगडत जातो.

पण आपण टॉमच्या हातांकडे पाहू. कार्टूनच्या रिवाजाप्रमाणे त्यांना चारच बोटे आहेत, आणि त्या चार बोटांनी तो लिस्ट वाजवतो. जिथे सूर उंच जातो तिथे हात खरोखरच उजवीकडे सरकतो, जिथे स्वरगुच्छ पडतो तिथे पंजा खरोखरच पसरतो. चित्रकारांनी वाजवणाऱ्या हातांचा अभ्यास केल्याशिवाय हे साधत नाही. आणि चेहरा! मिटलेले डोळे, किंचित उचललेली हनुवटी, आपल्याच वादनाने भारावल्याची ती खानदानी मुद्रा. जेरी डिवचतो तेव्हाही ही मुद्रा मोडत नाही; सूर न सोडता टॉम फक्त एका बोटाने त्याला टिचकी मारतो आणि तेच बोट पुन्हा वेळेवर पट्टीवर येते. मैफल सोडून उठता येत नाही, ही त्याची खरी कोंडी. घरात तो जेरीच्या मागे धावला असता, इथे त्याला कलावंताची प्रतिष्ठा सांभाळून युद्ध करायचे आहे.

लिस्टची ही रचना मुळात आपल्या ख्यालासारखी दोन अंगांची आहे. आधी संथ, भारदस्त 'लस्सान', मग उधळलेली 'फ्रिश्का'. पटाचा विनोदही तीच वाट धरतो. विलंबितात सगळी अदब, झोप, कुरबुर, टिचकी. द्रुत सुरू झाली की झाकण बोटांवर आदळते, पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा येतो, हात अडकले की टॉम पायांनी वाजवतो. मध्येच जेरी हातोड्यांवर नाचू लागतो आणि लिस्टचे एकदम त्या काळच्या एका लोकप्रिय अमेरिकन गाण्यात रूपांतर होते. टॉमची बोटे बिचारी त्या नव्या चालीमागे फरफटत जातात. ही कलाटणी मला सगळ्या पटातली सर्वांत आनंददायी जागा वाटते, कारण तिथे वादकाचा ताबा वाद्याकडे जातो. शेवटी लिस्टची अखेरची दौड संपता संपत नाही, टॉम गलितगात्र होऊन पट्ट्यांवर कोसळतो, आणि प्रकाशझोत जेरीवर स्थिरावतो. हॅना आणि बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात टॉम-जेरीचे ११४ पट केले, त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळाले, 'कॅट कॉन्सर्टो' त्यांतला एक. गंमत अशी की आदल्याच वर्षी वॉर्नरच्या बग्ज बनीनेही पियानोवर हीच रॅप्सडी वाजवली होती, त्याच्याही पियानोत उंदीर होता, आणि दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर उचलेगिरीचा आळ घेतला होता. मी दोन्ही आवडीने पाहतो. पण बग्ज हा जन्मजात खोडकर, त्याला मैफलीची फिकीर नाही. टॉमला आहे, म्हणून त्याची फजिती अधिक गोड.

ही सुरांशी बांधलेली गाठ काही पहिल्यापासून नव्हती. विन्सर मॅके यांनी १९१४ मध्ये 'गर्टी द डायनोसॉर' रंगमंचावर आणली तेव्हा ते स्वतः पडद्याशेजारी उभे राहून तिला हुकूम सोडत, आणि ती लाडावलेल्या मुलीसारखी ऐके, रुसे, रडे. हजारो चित्रे, आणि प्रत्येक चित्रात मागचे डोंगरसुद्धा पुन्हा नव्याने काढलेले. त्याच सुमारास अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पानांची युक्ती काढली: देखावा एकदाच रंगवायचा, हलणारे पात्र तेवढे त्या पानावर काढून वर ठेवायचे. नोव्हेंबर १९२८ मध्ये 'स्टीमबोट विली' आला आणि मिकीची शीळ, बोटीचा भोंगा, गुरांचे दात हे सगळे एका ठोक्यावर वाजू लागले. पुढच्या वर्षी डिस्नेच्या 'स्केलेटन डान्स'मध्ये कार्ल स्टॉलिंग यांच्या संगीतावर अब आयवर्क्स यांचे सांगाडे स्मशानात नाचले; त्यातला एक सांगाडा दुसऱ्याच्या फासळ्यांवर हाडांनी झायलोफोन वाजवतो ती जागा आजही टवटवीत आहे. हेच स्टॉलिंग १९३६ मध्ये वॉर्नरकडे गेले आणि १९५८ पर्यंत जवळजवळ दर आठवड्याला एका पटाचे संगीत रचत राहिले. कोयोटीचे चोरपावली चालणे, थबकणे, दचकणे यांना ज्या सुरांनी आधार दिला ते बहुतांशी त्यांचे.

सेल्युलॉइडच्या पानाची ती युक्ती मनाशी धरून आता एका दुसऱ्या दृश्याकडे येऊ, जे मला या सगळ्या खजिन्यातले सर्वांत मौल्यवान रत्न वाटते. उभ्या खडकाच्या भिंतीवर कोयोटी काळ्या रंगाने बोगदा रंगवतो. रोडरनर येईल, खरा समजून धडकेल, असा बेत. रोडरनर येतो, त्याच वेगाने रंगवलेल्या बोगद्यात शिरतो आणि पार जातो. चकित झालेला कोयोटी मागे हटतो, धाव घेतो, आणि खडकावर आदळतो. 'फास्ट अँड फरी-अस'मध्येच ही कल्पना आहे आणि पुढे तिचे नाना अवतार झाले. कधी त्या रंगातून भरधाव वाहनही बाहेर येते.

इथे कोल्हापूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे पेंटर बंधू केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'साठी आणि इतर नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत होते: राजमार्ग, उपवन, महालाचा लांबच लांब सोपा, खांबांच्या रांगा एका बिंदूकडे निमुळत्या होत गेलेल्या. दिव्यांच्या उजेडात तो पडदा उघडला की प्रेक्षागृहातून आश्चर्याचा उद्गार निघे, कारण कापडावर खोली दिसे. त्या रस्त्यावरून चालत जावे असे पाहणाऱ्याला वाटणारच. नट मात्र कधी त्यात शिरू शकत नसे. कितीही भारदस्त राजा असला तरी त्याला विंगेतूनच यावे लागे आणि विंगेतूनच जावे लागे. रंगवलेल्या वाटेचे हे जुने, अतृप्त आकर्षण रोडरनर एका क्षणात फेडून टाकतो. तो चित्रात जातो.

आणि तो जाऊ शकतो याचे कारण पुन्हा तोच कायदा. रोडरनरला ती भिंत आहे हे माहीतच नाही. त्याने वाट पाहिली, तो वाटेवरून गेला. कोयोटीला माहीत आहे. रंग त्याने कालवला, कुंचला त्याने चालवला, खडक त्याने स्वतःच्या हाताने चाचपला. सगळ्या जगाला फसवील इतके सुरेख चित्र त्याला काढता येते, फक्त आपल्याच चित्रावर त्याचा विश्वास बसत नाही. या विनोदाला आणखी एक पापुद्रा आहे. कार्टूनमध्ये देखावा एका पानावर, पात्रे दुसऱ्या पानावर, आणि ही दोन पाने एकमेकांत मिसळायची नाहीत, हा कारखान्याचा शिरस्ता. बोगद्याच्या दृश्यात वरच्या पानावरचे पात्र खालच्या देखाव्यावर रंगकाम करते आणि दुसरे पात्र त्या देखाव्यात घुसते. म्हणजे कलेची शिवणच उसवून तिच्यातून हसू काढले आहे. पुढे या पटांचे आखीव नेपथ्य मॉरिस नोबल यांच्याकडे आले आणि ते वाळवंट अधिकाधिक मोकळे होत गेले: पिवळी, जांभळी, विटकरी पठारे, आभाळात तोलून धरलेले सुळके, आणि मधून जाणारी एकुलती एक सडक. एरवी ज्या देखाव्याकडे पाहायला आपल्याला वेळ मिळत नाही तो चित्र थांबवून पाहावा. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवलेला रंकाळा ज्या डोळ्यांनी पाहतो त्याच डोळ्यांनी पाहण्याजोगा तो असतो.

पडदे रंगवणारे हे हात पुढे स्वतःच चित्रपटाकडे वळले, हे आपण जाणतोच. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरा स्वतः घडवला, १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. चित्रणाआधी पात्रांची, वेशभूषेची, हालचालींची रेखाटने करून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साथीने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू केली, म्हणजे ज्या उन्हाळ्यात अमेरिकेत ते सांगाडे नाचले त्याच उन्हाळ्यात. पुण्याला गेल्यानंतर १९३४ मध्ये 'प्रभात'ने रघुनाथ केळकर यांच्याकरवी 'जंबूकाका' हा कार्टूनपट केला. भारतातल्या अगदी आरंभीच्या बोलत्या कार्टूनपटांत त्याची गणना होते. त्याच्याही कितीतरी आधी दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकट सरकवत 'आगकाड्यांची मौज' चित्रित केली होती. ही वाट आपल्याकडे मोठी झाली नाही याची हळहळ वाटते, कारण लागणारे सगळे इथे होते: रेषेवर हुकमत असलेले चित्रकार, लयीत मुरलेले वादक, आणि युक्तिदृश्यांची आवड. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्यातून तयार झाले. पण तोवर वीसहून अधिक वर्षे निसटली होती.

पुन्हा त्या नजरेकडे येऊ, पडण्याआधी कोयोटी आपल्याकडे टाकतो त्या. ती नजर मराठी प्रेक्षकाच्या फार ओळखीची आहे. तमाशातला सोंगाड्या राजाशी बोलता बोलता मध्येच मान वळवून समोर बसलेल्या मंडळींना आपल्या बाजूला घेतो. गौळणीतली मावशी कृष्णाला दटावते आणि त्याच दमात आपल्याला डोळा घालते. रंगमंच आणि मैदान यांच्यामधली भिंत आपल्याकडे कधी फारशी उंच नव्हतीच. कोयोटी बोलत नाही. फार झाले तर एक छोटा फलक हातात धरतो. त्याची सगळी संहिता भुवयांत आहे. जोन्स यांच्या पात्रांची एक भुवई किंचित उचलली जाते आणि त्या एका वळणात विनवणी, लाज, तक्रार आणि 'तुम्ही पाहताय ना?' हे सगळे मावते. हालचालीच्या या कलेत जेव्हा काहीही हलत नाही तेव्हाच सर्वांत जास्त अभिनय होतो. आणि त्या नजरेमुळे आपण त्याच्यावर हसत नाही, त्याच्याबरोबर हसतो. या साऱ्या पाठलागात आपला जीव रोडरनरवर नसतोच. तो देखणा, वेगवान, सदा विजयी आहे, पण मन जडते ते पुन्हापुन्हा उठणाऱ्या भुकेल्यावर. रोडरनरचा तो लाडका 'बीप बीप'सुद्धा, बरे का, एका चित्रकाराचा आहे: देखावे रंगवणारे पॉल जुलियन मोठमोठी चित्रे घेऊन स्टुडिओच्या बोळातून जाताना लोकांनी वाट द्यावी म्हणून तोंडाने तसा आवाज काढत, तोच ध्वनिमुद्रित करून घेतला गेला.

भरतमुनींच्या परंपरेत हास्यरसाचा वर्ण शुभ्र आणि देवता प्रमथ मानलेली आहे. प्रमथ म्हणजे शिवाचे गण: कुणाचे पोट सुटलेले, कुणाची मान लांबलेली, कुणाला प्राण्याचे तोंड, सगळे अंगाने वेडेवाकडे आणि मनाने निर्मळ. विकृत आकार, विकृत वेष, विकृत चेष्टा हे हास्याचे विभाव, असे शास्त्र सांगते. पण विकृती पाहून हसू येण्यासाठी वेदना आड येता कामा नये, नाहीतर रस करुणाकडे कलतो. मानवी नटाला ही मर्यादा सोडून जाता येत नाही, कारण त्याला हाडे आहेत. रेषेला हाडे नाहीत. टॉम दारामागे चेपला जाऊन कागदासारखा पातळ होतो, तवा आदळला की त्याचा चेहरा तव्याचा आकार घेतो, कोयोटी स्फोटाने काजळून जातो, आणि पुढच्या दृश्यात सगळे जसेच्या तसे, मिशीचा केसही न वाकलेला. मरण या सृष्टीत येतच नाही, म्हणून इथली मारामारी प्रमथांच्या नाचासारखी निष्पाप राहते. जिथे ती निष्पाप राहत नाही तिथे माझे हसू थांबते: त्या काळच्या कित्येक पटांत कृष्णवर्णीयांची क्रूर टवाळी आहे, टॉम-जेरीतल्या मोलकरणीच्या चित्रणातही ती आहे, आणि तिथे विकृती रेषेची नसते, माणसांना पाहणाऱ्या दृष्टीची असते.

रेषेच्या या स्वातंत्र्याची परमावधी जोन्स आणि माल्टीज यांच्याच 'डक अमक'मध्ये आहे. २८ फेब्रुवारी १९५३ रोजी आलेला हा पट नावाला डॅफी डकचा आहे. खरे तर तो पडदे रंगवणाऱ्या हाताचा आहे. डॅफी तलवारबाजाच्या वेषात आवेशाने प्रवेश करतो, दोन-चार वार करतो, आणि पुढे सरकता सरकता मागचा देखावाच संपतो. उरतो कोरा, शुभ्र कागद. डॅफी कुजबुजत नेपथ्याची आठवण करून देतो. देखावा येतो, पण शेतवाडीचा. डॅफी क्षणभर गोंधळतो, आत जातो आणि शेतकऱ्याच्या वेषात गात परततो. तोवर बर्फ पडलेले असते. तो बर्फातल्या पोशाखात येतो. तोवर मागे नारळीची झाडे डोलू लागलेली असतात. या प्रत्येक वेळी त्याचे ते निमूटपणे वेष बदलून येणे पाहावे. पडदा चुकला तरी खेळ थांबता कामा नये, ही जुन्या नाटक मंडळीतल्या नटाची निष्ठा त्याच्या अंगात आहे. मग त्याला खोडरबराने पुसले जाते, आणि पडद्यावर नुसता त्याचा संतापलेला आवाज उरतो. पुन्हा काढले जाते तेव्हा गिटार हातात असते पण आवाज नसतो. आवाज येतो तो बंदुकीचा. त्याला ठिपक्या-पट्ट्यांनी रंगवतात, फुलाच्या तोंडाचा चारपायी प्राणी करून टाकतात, चौकटच घसरवून एका पडद्यावर दोन डॅफी आणतात आणि ते दोघे एकमेकांशी भांडू लागतात.

आपण इथे काय पाहतो? देखावा काढून घेतला, डॅफी उरला. रंग काढून घेतला, डॅफी उरला. देह पुसला, आवाज घेतला, तरीही तो उरला, कारण त्याचा तोरा उरला. पात्र म्हणजे रूप नव्हे, वागण्याची तऱ्हा, ही गोष्ट इतक्या आनंदाने आणि इतक्या थोडक्यात मी दुसऱ्या कुठल्या कलाकृतीत पाहिलेली नाही. शेवटी डॅफी किंचाळून विचारतो की हे करणारा आहे तरी कोण. पेन्सिल त्याच्या तोंडावर दार काढून ते लावून घेते, कॅमेरा मागे सरकतो, आणि चित्रकाराच्या टेबलाशी बसलेला असतो बग्ज बनी.

दोन वर्षांनी जोन्स यांनी 'रॅबिट रॅम्पेज'मध्ये हाच डाव बग्जवर उलटवला आणि टेबलाशी एल्मर फडला बसवले. युक्त्या जवळपास त्याच आहेत, रेषाही तितकीच सफाईदार. पण बग्जला अपमान फारसा लागत नाही. तो चिडतो, वैतागतो, एवढेच. डॅफीला अजून आपण नायक आहोत असे वाटत असते, आणि प्रत्येक नवा पडदा आला की तो पुन्हा एकदा छाती पुढे काढून प्रवेश करतो.